सोपानतात्यांचं वाचन

जुना कागद हातात आला की सोपानतात्या तो आधी कानाशी नेत. कोपरा दोन बोटांत धरून हलकी टिचकी मारत आणि ऐकत. हातकागद असेल तर जाड, बसका आवाज येई. गिरणीचा असेल तर पत्र्यासारखी थरथर. मग वास घेत, मग अंगठ्यानं कड चाचपत, आणि सगळ्यात शेवटी कागद डोळ्यांपुढे धरत. मी त्यांच्याकडे जाऊ लागले तेव्हा हा क्रम मला फार रुबाबदार वाटला होता. घरी येऊन मी आमच्या गोठ्याच्या हिशेबाची वही कानाशी नेऊन टिचकी मारून पाहिली होती. डोळे सगळ्यात शेवटी का, हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

तात्या जुन्या पुस्तकांचा आणि कागदांचा व्यापार करत. बारामतीत मार्केट यार्डाच्या मागे त्यांच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार, आणि मधे एक विटलेला पडदा. तुम्ही नातवंडं राहता तिथल्या दुकानांसारखं काचेचं दार, घंटी वगैरे काही नव्हतं. सकाळभर लिलावाचा आरडाओरडा, मग हमालांच्या शिव्या, दुपारी दौंडच्या गाडीची शिट्टी. या सगळ्यात कडुनिंबाच्या वाळल्या पाल्याचा आणि वेखंडाचा वास, कारण तात्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, कसर लागू नये म्हणून प्रत्येक फळीवर दोन्ही पसरून ठेवत. पोथ्या, दगडावर छापलेली जुनी पुस्तकं आणि मोडी कागदांचे रुमाल, असा तो माल. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. मोडी ही आपल्याकडची जुनी धावती लिपी. तिच्यात हात उचलत नाहीत आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे न शिकलेल्याला सगळं पान म्हणजे एकच लांब दोरा दिसतो.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते आणि काटेवाडीहून रोज येत-जात होते. परदेशातल्या कुणा संग्राहकाला पत्र लिहायला तात्यांना माणूस हवा होता, म्हणून आमच्या प्राध्यापकांनी मला पाठवलं. पत्र झालं, पण मला तो पसारा बघवेना. मी प्रत्येक रुमालाला चिठ्ठी लावली, प्रत्येक पोथीचं कार्ड केलं. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांना तुमची आई हसते, ती सवय तिथली आहे. तात्या म्हणाले, "इंग्रजीबाई, भाईरनं चिठ्ठी लावलीस, आत काय हाय ते कोण सांगणार?" आणि त्यांनी मला मोडी शिकवायला घेतली.

शिकवणं म्हणजे काय सांगू. शिकवायला ते स्वतःला पाठ असलेलेच कागद घेत. चुकले की ते ओरडत नसत. कागद माझ्या हातातून काढून घेत आणि दिवसभर माझ्याशी बोलत नसत. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर तोच कागद पुन्हा माझ्या हातात देत. "वाच. पाव्हण्यास्नी ऐकू दे, काय शिकलीस ते." मी अडखळले की गिऱ्हाइकाकडे वळून म्हणत, "आमच्याच गणगोतातली हाय. अजून कळपातनं भाईर आली न्हाय." ते निरवांगीचे. त्यांच्या वडिलांनी आणि माझ्या आजोबांनी एकाच माळावर मेंढरं चारली होती, म्हणून असं बोलायचा आपल्याला हक्क आहे असं ते धरून चालत. मी परसात जाऊन रडायचे आणि परत येऊन वाचायचे. सहा महिन्यांत मला कुठलाही हात लागू लागला. हात म्हणजे लिहिणाऱ्याचं अक्षर. तसं शिकवणारा माणूस मला पुढे भेटला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

खेड्यापाड्यांत माल घ्यायला जायची त्यांची एक ठरलेली रीत होती. घरातला वाचणारा म्हातारा गेला की ते तेरावा होऊ देत, मग आणखी महिनाभर थांबत, आणि मग जात. नुसता चहा घेत. कागद पुढे आले की घरातल्या कर्त्याला किंवा थोरल्या सुनेला म्हणत, "एक पान वाचून दाखवा की. तुमच्या घरचं हाय, तुमच्या तोंडनं ऐकावं वाटतंय." कुणालाच वाचता येत नसे. अख्खं घर त्या पानाकडे बघत बसे. तात्या पुरेसा वेळ जाऊ देत आणि अगदी मऊ आवाजात विचारत, "मग ठेवून काय करताय?" त्यानंतर घासाघीस अशी लागतच नसे. लोक स्वतः गाठोडं उचलून जीपमध्ये आणून ठेवत, कधीकधी बायका डोळ्यांना पदर लावून. बारामतीतल्या एका घरात एक विधवा बाई होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडून काहीच आलं नाही. तात्यांनी त्यांना पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मी शेजारी बसून कार्डावर नंबर घालत होते. मला तेव्हा त्या बाईंची दया आली नव्हती. मला वाटलं होतं, मला येतं.

काकींचा स्वयंपाक मला अजून आठवतो. थंडीत हुलग्याची शेंगोळी, लसणाचा वास पार यार्डापर्यंत जाणारी, सोबत ज्वारीची भाकरी. तात्यांचं ताट त्या नेहमी एकाच पद्धतीनं वाढत. डावीकडे मीठ, त्याच्या खाली ठेचा, उजवीकडे वाटी, वाटीपुढे गुळाचा खडा. एके दिवशी सकाळपासून दोघांचं कशावरून तरी वाजलं होतं. काकींनी ताट वाढलं आणि गुळाच्या जागी ठेचा ठेवला. मला वाटलं चुकून झालं. तात्यांनी जेवणाच्या शेवटी सवयीनं हात नेला, मोठा गोळा उचलला आणि तोंडात टाकला. त्यांचे डोळे भरून आले, ठसका लागला, पाण्याचा तांब्या शोधताना तो लवंडला. काकी चुलीपाशी बसून शांतपणे बघत होत्या.

मग त्या मला परसात घेऊन गेल्या. "कळलं न्हवं आता? त्यास्नी दिसत न्हाय. उजवा गेलाच हाय, डाव्यानं उजेड तेवढा कळतोय. साखरेनं खाल्लं. दुकान त्यांच्या वाचण्यावर चालतंय. भाईर कुठं बोललीस तर तुझी जीभ चुलीत घालीन."

तेव्हापासून मी तात्यांचे डोळे झाले. मला कुणी तसं सांगितलं नाही. आम्ही ते कधी बोललोही नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकानं कागद पुढे केला तेव्हा मी तो मधेच घेतला, सुलटा करून तात्यांच्या हातात दिला आणि वहीत नोंद करत असल्यासारखं पुटपुटले, "पत्र. तारीख फाटलीय." तात्यांनी टिचकी मारली, वास घेतला, डोळ्यांपुढे धरला आणि पत्राचा मायना घडाघडा म्हटला. जुन्या पत्रांची सुरुवात बहुतेक सारखीच असते. राजश्री अमुक गोसावी यांसी, अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य, आणि पुढे येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे. एवढं म्हणून ते थांबत आणि कागद बाजूला ठेवत. ऐकणाऱ्याची खात्री पटलेली असे. मी "पत्र" म्हटलं तर हा मायना, "करारनामा" म्हटलं तर दुसरा, "यादी" म्हटलं तर ते नुसतं "यादी हाय, काय वाचायचं त्यात" म्हणत. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मला त्याचा अभिमान होता. तात्या मात्र दिवसेंदिवस माझ्याशी जास्तच वाईट वागू लागले.

इंदापूरला एक वकील होते, म्हातारे, काम सोडलेले. त्यांच्या घरी चाळीसेक रुमाल होते. अख्ख्या जिल्ह्यात एका घरात एवढे कागद राहिलेले नव्हते. पुण्याच्या एका संस्थेला ते हवे होते आणि वकिलांनी निरोप धाडला होता की कागद देईन, पण वाचणाऱ्याच्या हातात देईन; वडिलांना तसा शब्द दिलाय. संस्थेनं मध्यस्थ म्हणून तात्यांना घेतलं. हे काम झालं की संस्थेचं सगळंच काम तात्यांकडे येणार होतं, आणि मग त्यांना गावोगाव हिंडावं लागणार नव्हतं. डोळे पूर्ण जायच्या आत हे एवढं व्हावं, असं काकी देवापुढे रोज म्हणत. मी ते ऐकलेलं आहे.

संस्थेचे सर पुण्याहून आले आणि आम्ही तिघं भाड्याच्या जीपनं निघालो. काटेवाडी वाटेतच, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चहाला थांबवलं. गाय नुकतीच व्यायली होती, आईनं खरवस केला होता. पुण्याचा माणूस घरी येणार म्हणून आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. सरांनी खरवसाची दुसरी वाटी घेतली आणि आबांना म्हणाले, "तुमच्या मुलीची कार्डं मी पाहिलीत. आम्हाला मोडी वाचणारं माणूस हवंय. पाठवाल का पुण्याला?"

आबांचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही. ते काही बोलायच्या आत तात्या हसले.

"हिला? सर, हिला अक्षरं लागत्यात, वाचाया येत न्हाय. आबा, तुमी मेंढरं मोजायचा, ही पानं मोजती. फरक तेवढाच."

सर संकोचून वाटीत बघू लागले. आणि आबा हसले. पाहुण्यानं विनोद केलाय म्हणून यजमान हसतो तसे, तोंडभर. "व्हय व्हय, आमचं कसलं वाचणं," म्हणाले, आणि तात्यांना आणखी खरवस वाढायला आईला हाक मारली. आई आली, वाढलं, माझ्याकडे न बघता आत गेली.

आज मला तात्यांचं बोलणं उलगडतं. मी पुण्याला गेले तर त्यांचे डोळे जाणार होते, आणि हे ते कुणासमोर म्हणू शकत नव्हते. तेव्हाही मला ते अर्धंमुर्धं कळलं असावं. पण जीपमध्ये बसल्यावर मी फक्त आबांचं हसणं आठवत होते.

वकिलांचा दिवाणखाना स्वच्छ होता. मोठी खिडकी, भरपूर ऊन, जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर रुमालांची रांग. घरातली सगळी माणसं भिंतीला टेकून बसली होती, जणू कीर्तनाला आली होती. चहा झाला. तात्यांनी रीतीप्रमाणे वकिलांना म्हटलं, "अण्णासाहेब, एक पान तुमच्या तोंडनं होऊ द्या."

"मला येत नाही," वकील म्हणाले. "तुम्ही असं विचारता हे मला ठाऊक होतं. बारामतीला तुम्ही एका बाईंना वाचायला बसवलं होतं. दोनदा. त्या माझ्या वहिनी. तेव्हा म्हटलं, आज आपण तुमचं वाचन ऐकावं. घरच्या सगळ्यांना बोलावलंय."

त्यांनी एक रुमाल सोडला, मधूनच एक कागद काढला आणि माझ्या डोक्यावरून हात नेऊन थेट तात्यांच्या हातात दिला; कागद आधी माझ्याकडे येतो, हे वहिनींनी त्यांना सांगितलं असणार. जुन्या रुमालांत असे कागद असतात. लिहिणाऱ्यानं पुढे लागेल म्हणून ठेवलेला, कधीच न लागलेला. तोच हातकागद, तोच वास, तसाच पिवळा. कोरा.

तात्यांनी टिचकी मारली आणि मान हलवली. वास घेतला. मग थांबले. माझ्याकडे त्यांनी मान वळवली नाही, फक्त कान जरा तिरपा झाला. ते माझ्या पुटपुटण्याची वाट बघत होते. माझी वही मांडीवर उघडी होती, पेन हातात होतं. नुसती खाकरले असते तरी पुरे होतं. नुसतं "तात्या, पाणी देऊ का" म्हटलं असतं तरी त्यांनी ओळखलं असतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि पुन्हा लावलं.

त्यांना वाटलं असणार, पत्रच असेल. पत्राला मी कधीकधी काहीच म्हणत नसे. त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. उन्हात तो आरपार दिसत होता, आणि खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होता. मग तात्यांनी आपल्या सुंदर, खणखणीत आवाजात सुरुवात केली. "राजश्री गोसावी यांसी. अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य." बोट ओळीवरून फिरावं तसं फिरत होतं. "येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे." कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. वकिलांनी त्यांना थांबवलं नाही. तात्यांना वाटलं, रंग भरतोय. त्यांनी नेहमीच्या पुढे जाऊन आणखी चार ओळी वाचल्या. पाऊसपाणी चांगलं, लेकरंबाळं खुशाल.

शेवटी दाराजवळची एक छोटी मुलगी म्हणाली, "आई, त्यावर तर काहीच नाहीये."

तात्यांनी कागद हळूच खाली ठेवला. हात मांडीवर घेतले. वकिलांनी तोच रुमाल माझ्याकडे सरकवला. "आता तुम्ही वाचा, बाई."

मी वाचलं. एकदाही न अडखळता. कुणी एकानं दोन घोंगड्या आणि दिव्याचं तेल मागवलं होतं, आणि गेल्या खेपेची घोंगडी आखूड आल्याची तक्रार केली होती. सगळे मान हलवत होते. सर वहीत काही लिहीत होते. तात्या माझ्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ बसले होते. मी आणखी एक पान वाचलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

सर रुमालांची व्यवस्था बघायला मागे राहिले. आम्ही दोघं एसटीनं परतलो. मी तात्यांना हात धरून चढवलं, खिडकीशी बसवलं. काटेवाडी जवळ आली तसं ते म्हणाले,

"कोरा हुता, ते तुला दिसत हुतं."

"व्हय."

"मग?"

दोन वर्षं त्यांच्यापुढे मी शुद्ध बोलायची धडपड करत आले होते. त्या दिवशी घरचं बोलले. "मला वाचाया येत न्हाय, तात्या. मी पानं मोजती."

काटेवाडी आली. मी उतरले. त्यांना बारामतीच्या स्टँडवरून घरापर्यंत कोण नेईल याचा मी विचार केला नाही. केला असं लिहायचा मोह होतो आहे, पण केला नाही. काकींनी नंतर सांगितलं, एका हमालानं आणून सोडलं, आणि सोडताना यार्डात मोठ्यानं विचारलं, "तात्या, कवापासनं वो?"

दोन महिन्यांत पुढची खोली रिकामी झाली. संस्थेतून मला बोलावणं आलं. समितीपुढे ठेवायला ज्यांच्याकडे शिकले त्यांचं पत्र हवं, असं सरांनी कळवलं. दुसरं कुणी नव्हतं. मी गेले. तात्या मागच्या खोलीत बाजेवर बसले होते. कशाला आले ते ऐकून म्हणाले, "बस. लिव."

त्यांनी सांगितलं ते मी माझ्या नीट, सरळ अक्षरात उतरवून घेतलं. मुलगी कुठलाही हात वाचते. कागद जपून हाताळते. वेळेवर येते. मग म्हणाले, "पुढं लिव. समोर माणूस बुडत आसला तरी हिच्या तोंडनं शबूद निघत न्हाय. कचेरीला आसंच माणूस लागतं."

मी पेन कागदावर टेकवलं आणि आवाज यावा म्हणून कोपऱ्यात रेघोट्यांसारखं थोडं हलवलं. ते वाक्य लिहिलं नाही. चुलीपाशी काकी बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण हात किती हलला ते दिसत होतं.

"वाचून दाखव," तात्या म्हणाले.

मी सगळं वाचून दाखवलं, ते वाक्यसुद्धा, जिथे सांगितलं होतं तिथेच, त्यांच्याच शब्दांत. त्यांनी मान हलवली. मी त्यांचं बोट सहीच्या जागेवर नेऊन टेकवलं आणि त्यांनी सही केली. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. चहाही विचारला नाही.

तात्या गेल्याचं मला संस्थेत कळलं, तेराव्यानंतर. मी काकींना भेटायला गेले नाही. पुढे थोड्याच दिवसांत सर निवृत्त झाले आणि समारंभात त्यांनी माझं कौतुक केलं. मग सगळ्यांना म्हणाले, "यांच्या गुरूंचं पत्र मी अजून फाइलीत ठेवलंय. त्या इंदापूरच्या प्रकारानंतरही त्या माणसानं मुलीबद्दल एक वाकडा शब्द लिहिला नाही. एवढं मोठं मन मी पाहिलं नाही."

टाळ्या झाल्या. माझ्याकडे बोलायला माइक आला. मी तात्यांबद्दल पाच मिनिटं फार चांगलं बोलले.